तुमच्या लग्नात खुर्च्या का उचलत नाहीत?

आडनाव ऐकून आणि मग धर्म कळून तुम्ही हमखास एकच प्रश्न विचारता: ज्यूंच्या लग्नात नवरा-नवरीला खुर्चीवर बसवून उचलतात, ‘हवा नागिला’ या हिब्रू गाण्यावर गोल नाचतात, मग तुमच्याकडे मेंदी आणि मराठी गाणी कशी? विचारलेच आहे, तर सांगते.

‘हवा नागिला’ची चाल पूर्व युरोपातल्या हसिदी पंथाच्या ज्यूंची आणि तिच्यावर शब्द बसवले गेले ते १९१८ च्या सुमारास, जेरुसलेममध्ये. आम्हा बेने इस्रायलींची, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंची, मराठी कीर्तने १८८० पासूनची. बायबलमधली आख्याने, पण बाज अस्सल इथला. मेंदी म्हणाल, तर ती येमेन आणि मोरोक्कोच्या ज्यूंकडेही लागते. सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनास्थळात, नवरी आत येताना नवरा तिच्याकडे पाहत हिब्रूत ‘योनाती झिव’ गातो, त्याविषयी मात्र तुमच्यापैकी कोणीही अजून विचारलेले नाही.

हे सगळे मी ठणकावून सांगते खरी, पण माझ्याच मेंदीला, ठाण्यात, मी काय केले ते सांगत नाही. हिरवी साडी, हिरवा चुडा, मलिद्याच्या ताटातल्या गोड पोह्यांवर पेरलेले ओले खोबरे, आणि अलिबागकडून आलेली आत्याआजी पितळी थाळीवर अंगठीने ठेका धरून मेंदीचे गाणे म्हणत होती. आवाज फाटका, चाल संथ, कडवी न संपणारी. इस्रायलमधल्या अश्दोदहून आलेली पाहुणेमंडळी समोर बसली होती आणि मला आपण फार गावठी, फार कमी ज्यू दिसतो आहोत असे वाटू लागले. मी चुलतभावाला खूण केली. त्याने कॅसेट लावली. आत्याआजी ओळीच्या मध्येच थांबली, थाळी तिने मांडीवर उपडी ठेवली आणि त्याच अंगठीच्या हाताने ‘हवा नागिला’वर टाळ्या वाजवू लागली. सगळे नाचले. मीही नाचले. दुसऱ्या दिवशी अश्दोदच्या मामींनी मला बाजूला घेऊन विचारले, “म्हातारीचं गाणं का गं थांबवलंस? आम्ही तेच ऐकायला आलो होतो.”

त्या वेळच्या मला वाटे की खरे ते दूरचे असते. आज तिला मूर्ख म्हणावेसे वाटते, पण तसे म्हणणेही सोपे आहे, कारण गेल्या वर्षी नात्यातल्या एका लग्नात मी त्याच गाण्यावर गुडघे दुखेपर्यंत नाचले आणि तो आनंद खोटा नव्हता. शिवाय आमची मेंदीची गाणी तरी शेजारणींकडून आली की शेजारणींनी आमच्याकडून उचलली, हे मी कोणत्या तोंडाने ठरवणार?

आता भाचीची मेंदी आहे. कोणती गाणी ठेवायची, असे तिने विचारले, तेव्हा मी दोन्ही ठेव म्हणाले. मग लक्षात आले, आत्याआजी जाऊन बारा वर्षे झाली, आणि तिच्या गाण्याच्या दोन ओळींपुढे मला काहीच येत नाही.