खडी गंमत पुरती ऐकावी

दिवाळी आटोपली की झाडीपट्टीत मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे, दिवस सुरू होतात. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या धानपिकाच्या जिल्ह्यांत भाऊबीजेपासून गावोगावी ठरलेल्या दिवशी मंडई भरते. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरे भरतात, बाजारात शिंगाड्यांचे ढीग लागतात. कुठे दंडार हा नाच-गाण्याचा लोकप्रकार असतो, कुठे रात्रभर नाटक. माझा जीव मात्र खडी गंमत या शाहिरांच्या गाण्या-नाचाच्या लोककलेत अडकलेला आहे, आणि तीही दुय्यम असली पाहिजे, म्हणजे एकाच मांडवात दोन शाहिरांच्या पार्ट्या समोरासमोर उभ्या राहिल्या पाहिजेत.

गण, गौळण होते, नऊवारी नेसलेला नाच्या फेर धरतो, आणि मग एक शाहीर पुराणातला एखादा पेच गाण्यातून समोरच्यापुढे टाकतो. त्याचे उत्तर गाण्यातूनच द्यावे लागते. अशा वेळी लोकांचे डोळे शाहिरावर खिळलेले असतात. मी पाहतो ते त्याच्या मागे उभ्या असलेल्या झीलकऱ्यांकडे. एक हात कानावर ठेवून ते शाहिराचे शेवटचे शब्द उचलतात, तुणतुण्याच्या सुरात ते उंच नेऊन लांबवतात, ढोलकी आणि चोनका ही साथीची वाद्ये त्यांना धरून ठेवतात, आणि तेवढ्या अवधीत शाहिराला पुढचे कडवे सुचलेले असते. क्वचित नाही सुचत. तेव्हा झीलकरी तीच ओळ जराही न डगमगता पुन्हा घेतात, ढोलकीवाला लय किंचित चढवतो, आणि आपला शाहीर अडल्याचे समोरच्या पार्टीला कळू देत नाहीत. ही सोबत वर्षानुवर्षे एकत्र गायल्याशिवाय येत नाही.

म्हणूनच शहरातल्या लोककला महोत्सवांत खडी गंमतीला दहा मिनिटे दिलेली पाहिली की मला मनापासून वाईट वाटते. तिथे फेटे दिसतात, नाच दिसतो, टाळ्याही भरपूर पडतात. पण एकाच पार्टीला उभे केल्यावर सवाल कोणी कोणाला करायचा? झाडीपट्टीच्या नाटकाने गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंज वडसा येथे आपली बाजारपेठ उभी केली, आणि २०२३ मध्ये तिथले नाट्यकलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाल्याने त्या रंगभूमीचा मान दूरवर पोचला, याचा मला फार आनंद आहे. खडी गंमतीच्या वाट्याला तिकीटबारी नाही. गावाची वर्गणी आणि ऐकणाऱ्यांनी पुढे होऊन दिलेले बक्षीस यांवर तिचा बराचसा भार असतो, आणि पार्टीतले बहुतेक जण धानाची कापणी, मळणी सांभाळून गात असतात.

महोत्सव भरवणाऱ्यांकडे माझे एवढेच मागणे आहे की कार्यक्रमपत्रिकेतली चार नावे कमी करावीत, दोन पार्ट्या बोलवाव्यात, निदान दोन तास द्यावेत, आणि ध्वनिक्षेपकाचा एक चांगला माईक झीलकऱ्यांपुढेही ठेवावा.