टीम का नाही बदललीस?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मंडळाच्या जेवणात हातात मसालेभाताची ताटली असताना विचारलंत, मुलांच्या मराठी शाळेबाहेर गाडीला टेकून विचारलंत. सांगलीहून धाकटा भाऊ तर रविवारच्या फोनवर तब्येतीच्या आधी तेच विचारतो, "दादा, हरलात का?" सगळ्यांचा सूर एकच. मेलबर्नमध्ये फुटीच्या, म्हणजे इथल्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या, एवढ्या टीम, तुला नेमकी ही हरणारीच सापडली? आणि सापडली तर सापडली, बदलायची ना मग! २०२१ नंतर प्रश्नाचं नुसतं शेपूट बदललं. "जिंकली ना एकदाची? आता तरी खूश?" २०२५ मध्ये पुन्हा आम्ही चौदाव्या जागेवर राहिलो, कप जिंकून देणाऱ्या कोचला त्याच ऑगस्टमध्ये घरी पाठवलं, आणि प्रश्न परत जुन्या रूपात आलाय.

निवडीचं आधी उरकतो, त्यात शहाणपण काहीच नाही. फेब्रुवारी २००७ मध्ये इथे आलो. ऑफिसातल्या पहिल्याच आठवड्यात एकाने विचारलं, तू कोणाचा? आपल्याकडे 'गाव कोणतं' विचारतात तसं इथे हे विचारतात; उत्तर मिळालं की माणूस कुठल्या कप्प्यात टाकायचा ते ठरतं. मला वाटलं, रणजीत मुंबईची असते तशी शहराची एक टीम असणार. म्हटलं, "मेलबर्न." सगळे हसले. का हसले ते कळायला नऊ आठवडे लागले, कारण त्या हंगामात आम्ही पहिले नऊ सामने ओळीने हरलो. या शहरात नऊ क्लब आहेत. त्यातला शहराचं नाव लावणारा हा सगळ्यांत जुना. १८५९ साली या खेळाचे पहिले नियम याच क्लबच्या लोकांनी लिहून काढले. आणि शेवटचं विजेतेपद होतं १९६४ चं.

तेव्हाच बदलायला हवी होती म्हणता? खरंय. नऊ आठवड्यांत माणूस भाड्याचं घरसुद्धा बदलतो.

पण आता एक कबुली. २०१६ साली मंडळाच्या दिवाळी स्मरणिकेत मी याच विषयावर एक लेख लिहिला होता, काहींनी तो फोन करून वाखाणलाही होता. त्यात मी वारी आणली होती. वारकरी काय पांडुरंग जिंकतो का ते बघून जातो का, वगैरे. तो लेख कृपा करून विसरा. वारकरी वाटेत विठ्ठलाला शिव्या घालत नाही, आणि विठ्ठल हरावा अशी इच्छा तर मुळीच धरत नाही. मी ती धरली आहे. २००९ मध्ये नियम असा होता की सलग दोन हंगाम पाचपेक्षा कमी सामने जिंकले तर तरुण खेळाडू निवडताना, म्हणजे ड्राफ्टमध्ये, जादा आणि सगळ्यांच्या आधी संधी मिळायची. ऑगस्टमध्ये रिचमंडविरुद्ध आम्ही पुढे होतो. त्यांच्या एकाने शेवटचा सायरन वाजल्यावर गोल मारला आणि आम्ही हरलो. माझ्या आसपास लाल-निळे मफलर घातलेली माणसं खाली माना घालून हसत होती. मीही. पुढे एएफएलने, म्हणजे या खेळाच्या लीगने, चौकशी केली, क्लब मुद्दाम हरला नाही असा निष्कर्ष काढला आणि तरीही २०१३ मध्ये ५ लाख डॉलर दंड ठोकला. निष्ठा हा शब्द मी तेव्हापासून जपून वापरायला हवा होता. २०१६ मध्ये वापरला, छापून आणला.

आता ज्याबद्दल कधीच नीट बोललो नाही ते.

३० जुलै २०११, शनिवार. जिलाँगच्या मैदानावर जिलाँगविरुद्ध सामना. एमसीजीवर माझ्या शेजारी एक आजोबा बसायचे. सत्तरीचे, थर्मासमधून चहा पिणारे, कानात ट्रान्झिस्टरची वायर. आमची ओळख बाकापुरती. पण त्या दिवशी सदर्न क्रॉस स्टेशनवर दिसले, आणि दोघं एकत्रच गेलो. तासाभराचा प्रवास. सगळा वेळ ते आशादायक बोलत होते. आमची पोरं तरुण आहेत, अजून दोन वर्षं, मग बघ. हे "मग बघ" मी तोवर चार वर्षं ऐकत होतो आणि मला ते आवडायचं. शेतावर पाऊस पडेल म्हणणाऱ्या माणसाजवळ बसावं तसं.

एएफएल रेकॉर्ड नावाचं छोटं पुस्तक मैदानावर विकत मिळतं. त्यात दोन्ही टीमची यादी असते, पुढे गोल लिहायला जागा. आजोबा प्रत्येक सामन्यात बॉलपेनने त्यात लिहायचे. पहिल्या क्वार्टरपासून जिलाँगच्या बाजूला त्यांचं पेन थांबेना. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मधल्या दोन उंच खांबांमधून चेंडू गेला की गोल, सहा गुण, आणि गोल पंच दोन्ही हातांत झेंडे घेऊन फडकवतो. त्या दिवशी त्या माणसाचे खांदे दुखले असणार. मध्यंतरालाच शंभराहून जास्त गुणांचा फरक झाला होता. आमची पोरं चेंडूकडे धावत नव्हती, चेंडू गेलेल्या दिशेला चालत होती. आजूबाजूचे जिलाँगवाले सुरुवातीला चिडवत होते. तिसऱ्या क्वार्टरमध्ये ते गप्प झाले. मागच्या एका बाईंनी मला चिप्स विचारल्या. ती दया मला सहन झाली नाही.

आजोबांच्या पुस्तकातली जागा संपली. ते समासात लिहायला लागले, आकडे बारीक करून, पण एकही न गाळता.

तिसरा क्वार्टर संपला तसा मी उठलो. त्यांनी वर बघितलं. "निघालास?" म्हणाले. मी म्हटलं, "ट्रेन आहे." ट्रेन वगैरे काही नव्हती.

साउथ जिलाँग स्टेशन मैदानापासून काही मिनिटांवर आहे, हे मी विसरलो होतो. प्लॅटफॉर्मवर बसलो तर प्रत्येक गोलचा आवाज तिथपर्यंत येत होता. आधी एक लाट, मग टाळ्या, मग गाडीचे हॉर्न. मोजायचे नाहीत असं ठरवून मोजत बसलो. मफलर काढून बॅगेत कोंबला. गाडी इतकी उशिरा आली की सामना संपवून आलेले लोकही त्याच गाडीत चढले, आणि मी खिडकीला डोकं टेकून झोपल्याचं सोंग केलं. आजोबा त्या डब्यात होते की नाही, मी डोळे उघडून बघितलं नाही.

स्कोअर सांगतो, तुम्हाला पाठ असेलच: ३७ गोल आणि ११ बिहाइंड (बाजूच्या खांबांमधले, एकेका गुणाचे), २३३. आमचे ४७. फरक १८६. लीगच्या इतिहासातला दुसऱ्या क्रमांकाचा मोठा पराभव. पहिला १९७९ चा, १९० गुणांचा, आणि तोही आमचाच. दुसऱ्या दिवशी कोच डीन बेली यांना काढलं. इथे 'वन एटी सिक्स' एवढं म्हटलं तरी पुरतं, पुढे काही सांगावं लागत नाही.

पुढच्या वेळी एमसीजीवर आजोबांच्या शेजारी जाऊन बसलो. त्यांनी थर्मासचं झाकण भरून पुढे केलं आणि विचारलं, "ट्रेन मिळाली का?" टोमणा नव्हता, खरंच विचारत होते. मी म्हटलं, मिळाली. मग खिशातून ते पुस्तक काढून माझ्या मांडीवर ठेवलं. "शेवटचा क्वार्टर तुझा राहिला होता."

ते पुस्तक माझ्याकडे आहे. आणि तुमच्यापैकी निदान दहा जणांना मी ते माझं म्हणून दाखवलंय. शेवटच्या सायरनपर्यंत बसून एकेक गोल लिहिला, असं सांगून. तुम्ही त्या समासातल्या आकड्यांवरून बोटं फिरवलीत, "धन्य आहे बाबा तुझी" म्हणालात. मी नाही म्हटलं नाही.

सुधारणेबद्दल विचारता, तर सुधारणा ही मला हरण्यापेक्षा अवघड गेली. २०१३ मध्ये अख्ख्या हंगामात दोन विजय, तेव्हा मजाच होती, हे ऐकायला वाईट वाटेल. ट्रॅममध्ये लाल-निळा मफलर दिसला की अनोळखी माणूस नुसती मान हलवायचा, दहाव्याला भेटल्यासारखी. २०१४ मध्ये पॉल रूस कोच म्हणून आले. गोल कमी खायला लागलो. चार विजय, मग सात, मग दहा. आणि लोकांची भाषा बदलली. जो तो टक्केवारी, दुखापतींची यादी आणि ड्राफ्टचे नंबर बोलायला लागला. आमचा गॉन फिट राहिला तर, तरुण पेट्राका पिकला तर. आशा असलेली माणसं किती कंटाळवाणी असतात, हे मला तेव्हा कळलं. २०१७ मध्ये बाद फेरीच्या शेवटच्या, म्हणजे आठव्या, जागेवर आमची आणि पर्थच्या वेस्ट कोस्टची बरोबरी झाली आणि गुणांच्या टक्केवारीत आम्ही ०.५ ने बाहेर पडलो. आधी ४७ गुण करून आम्ही झोपायचो. आता अर्ध्या टक्क्यासाठी रात्रभर जागलो.

आजोबा याच काळात कधीतरी यायचे बंद झाले. नक्की कधी, ते सांगता येत नाही. एकदा त्यांच्या जागेवर एक तरुण जोडपं बसलेलं दिसलं. नवे सभासद होते, खूप आनंदी.

सप्टेंबर २०१८ मध्ये बारा वर्षांनी बाद फेरीचा पहिला सामना खेळलो, एमसीजीवर, नव्वद हजारांवर गर्दी, समोर जिलाँग. जिंकलो. मी गर्दीत पांढरी डोकी बघत होतो. दोन आठवड्यांनी पर्थमध्ये पहिल्या अर्ध्या वेळात आमचा एकही गोल झाला नाही, आणि खरं सांगू, मला जरा घरी आल्यासारखं वाटलं. बायको म्हणाली, "पैसे भरून रडायला जातोस, आणि रडू आलं की बरं वाटतं तुला." ती खोटं बोलत नाही.

मग २०२१. लॉकडाउन, स्टेडियम रिकामी. ऑगस्टमध्ये पुन्हा जिलाँगचं तेच मैदान, तिसऱ्या क्वार्टरमध्ये आम्ही ४४ गुणांनी मागे. मी टीव्ही बंद केला आणि भांडी घासायला गेलो. अर्ध्या तासाने फोन थरथरायला लागला: कॅप्टन मॅक्स गॉनने सायरननंतर गोल मारून सामना काढला, गुणतक्त्यात पहिले. १९६४ नंतर प्रथमच. म्हणजे त्या मैदानावर शेवटचा क्वार्टर मी दोनदा चुकवला. दहा वर्षांत एवढा बदललो मी! सेमीफायनल गणपती बसले त्याच दिवशी होती, १० सप्टेंबरला, पुन्हा जिलाँग. आरतीला फोन उलटा करून ठेवला होता. ८३ गुणांनी जिंकलो.

फायनल पर्थला, २५ तारखेला, रात्री. सत्तावन्न वर्षं वाट बघितलेली माणसं घराघरांत कोंडलेली. १९ गुणांनी मागे पडलो तेव्हा मी उठलो होतो, हे सांगतोच. मुलाने हात धरून खाली बसवलं. अकरा वर्षांचा, पक्का रिचमंडवाला. त्याने २०१७ मध्ये जिंकणारी टीम बघून निवडली, आणि त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. ७४ गुणांनी जिंकलो. आईला फोन केला तर म्हणाली, "बरं झालं हो, पण पक्ष चालू आहे, पेढे वाटत बसू नकोस." तुम्ही विचारता, खूश ना? होतो. पंधरा-वीस मिनिटं अगदी. मग हे कोणाला सांगायचं ते कळेना.

कपाटातून ते पुस्तक काढलं. मुलाने हातातून घेतलं, उलगडून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "बाबा, हे सात तुमचे नाहीत. तुम्ही सातला मधे आडवी रेघ मारत नाही."

म्हटलं, नाही मारत.

"मग कोणी लिहिलंय?"

"माझ्या शेजारी बसायचे एक आजोबा."

"नाव काय त्यांचं?"

पर्थला आमची पोरं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून गाणं म्हणत होती. मी रिमोट घेऊन आवाज वाढवला.