नावातलं ते ‘ग्रामीण’

“ग्रामीण मेडिकल कॉलेज म्हणजे पूर्ण एमबीबीएसच ना?” तीस वर्षं हे ऐकतेय. लग्नाच्या बोलणीत ऐकलं, लातुरात दवाखाना टाकला तेव्हा ऐकलं, आणि परवा भाच्याच्या ॲडमिशनच्या वेळी भावजींनी पुढे जोडलं, “नावातलं ते ग्रामीण काढून का टाकत नाहीत?” तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

हो, पूर्णच. मी अंबाजोगाईच्या ग्रामीण मेडिकल कॉलेजात शिकले. माझ्या डिग्रीवर मराठवाडा विद्यापीठाचा शिक्का आहे, त्या वेळी घाटीत, म्हणजे औरंगाबादच्या सरकारी मेडिकल कॉलेजात, शिकलेल्यांच्या डिग्रीवर आहे तोच. आरोग्य विद्यापीठ नाशिकला १९९८ मध्ये आलं, ते नंतरचं. पेपर तेच होते, पुस्तकं तीच. कमी काय होतं ते मला कुणी दाखवून द्यावं.

निजामाच्या राज्यात इकडच्या पोराला डॉक्टर व्हायचं तर हैदराबाद गाठावं लागे. औरंगाबादला कॉलेज झालं १९५६ साली. पुढे १९७४ मध्ये अंबाजोगाईत झालं, ते जिल्ह्याचं ठिकाणही नव्हे. आशियातलं पहिलं ग्रामीण मेडिकल कॉलेज अशी त्याची ओळख सांगतात. त्याला नाव आहे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचं, आणि स्वामीजी अंबाजोगाईतल्याच शाळेत मुख्याध्यापक होते. ‘ग्रामीण’ हा दर्जा नाही हो. डॉक्टर कुणासाठी घडवायचे, त्याचा तो पत्ता आहे.

हे मला कॉलेजात कळलं नाही. इंटर्नशिपमध्ये कळलं.

एका आरोग्य केंद्रावर पोस्टिंग होतं. पावसाळ्याच्या तोंडाला जवळच्या गावात गॅस्ट्रोची साथ आली. शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या अंथरून, खिडकीच्या गजांना बाटल्या बांधून आम्ही सलाईन लावत होतो. शीर पटकन सापडायची, मान टाकलेला माणूस तासा-दोन तासांत उठून बसायचा. मला फार मोठं वाटत होतं. नातवाला मांडीवर घेऊन बसलेली एक आजी दोनदा म्हणाली, “डॉक्टरीणबाई, आडाच्या पाण्याला औशिदाचा वास येईना झालाय.” मी म्हटलं, “आजी, ते ग्रामपंचायतीचं काम. तुम्ही याला साखर-मीठ-पाणी पाजत राहा.”

साखर-मीठ तिनं कुठल्या पाण्यात कालवलं असेल?

पोरगं सुधारून घरी गेलं. चौथ्या दिवशी परत आणलं तेव्हा डोळे खोल गेले होते, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तरी तशीच उभी राहत होती. या वेळी शीर सापडली नाही. तालुक्याला नेताना जीपमध्येच गेलं. आजी रडली नाही. पदरानं त्याचे पाय पुसत राहिली.

संध्याकाळी मी आडाच्या पाण्याची ओटी टेस्ट केली. क्लोरीन असेल तर नळीतलं पाणी पिवळं होतं. ते पाण्यासारखंच राहिलं. टीसीएलचं, म्हणजे पाण्यात टाकायच्या ब्लीचिंग पावडरचं, पोतं ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात होतं, ओल लागून ढेकळं झालेलं, वास कधीच उडून गेलेला. हजार लिटरला चांगली पावडर अडीच ग्रॅम, मग तासभर थांबायचं. मला पाठ होतं. पीएसएमच्या, म्हणजे रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्राच्या, तोंडी परीक्षेत मी ते धडाधड सांगितलं होतं.

तेव्हा स्वतःची समजूत घातली की तेवीस वर्षांच्या पोरीच्या हातात असतं तरी किती. ते आजही मला अगदीच खोटं वाटत नाही. पण आजीनं दोनदा सांगितलेलं ऐकून घेणं तर हातात होतं. रोग होऊच नये म्हणून झटणारा ‘सामाजिक वैद्य’ घडवा, असं देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा मांडणाऱ्या भोर समितीनं १९४६ सालीच लिहून ठेवलं होतं. आम्ही ते टीपा लिहायच्या प्रश्नासाठी वाचलं.

मग पीजीला पीएसएम घेतलंस का, असं तुम्ही आता विचाराल. नाही घेतलं. मेडिसिन मिळत होतं, मेडिसिन घेतलं. घरचं कर्ज होतं, हे खरं. पीएसएमवाल्याला लोक डॉक्टर समजत नाहीत याची मला भीती होती, हेही खरं. म्हणून नाव बदला म्हणणाऱ्यांशी भांडताना मधेच माझा आवाज बसतो.

जुलैत जुलाबाचा पेशंट आला की मी आधी विचारते, पाणी कुठलं पिता? कुणी आड सांगतं, कुणी बोअर, कुणी टँकर. ते केसपेपरवर लिहून घेते आणि सलाईन लावते. पेशंट सांगतात त्या आडापर्यंत मात्र अजून कधी गेलेली नाही.