बाबांची जनता आणि दोन पुस्तकं

बाबांची एचएमटी जनता, म्हणजे त्यांचं मनगटी घड्याळ, बंद पडली, तेव्हा डोनाल्ड द कार्ल यांचं ‘प्रॅक्टिकल वॉच रिपेअरिंग’ मागवलं. पुस्तक 1946 चं, पण त्यातली रेखाचित्रं बघून हात आपोआप शिकतो. भिंग डोळ्याला, चिमटा हातात, पुस्तक शेजारी उघडं. हेअरस्प्रिंगच्या (घड्याळातल्या केसासारख्या बारीक स्प्रिंगच्या) पानाला तर आता तेलाचा डाग आहे.

मग जॉर्ज डॅनिअल्सचं ‘वॉचमेकिंग’ (1981). ते दुरुस्तीचं नाहीच! अख्खं घड्याळ एकट्यानं कसं घडवायचं, ते सांगतं. को-अ‍ॅक्सिअल एस्केपमेंट (एस्केपमेंट म्हणजे चाकांना ठोक्याठोक्यानं पुढे सोडणारी यंत्रणा) याच माणसाची. ओमेगानं ती 1999 मध्ये बाजारात आणली. मला त्यातलं निम्मं अजून झेपत नाही, तरी रोज दोन पानं वाचतोच.

काल रात्री जनता चालू झाली. कानाशी धरली. सेकंदाला पाच ठोके. आईलाही ऐकवले.