बहात्तर पाकळ्या

बेळगावात टिळकवाडीतल्या एका नव्या इमारतीच्या हॉलमध्ये छताला लावायचं कमळ मी आणि बाबांनी केलं. परवा ते वर चढलं.

मालकांना कमल बस्ती या जैन मंदिरातल्यासारखं कमळ हवं होतं. कंत्राटदार म्हणाला, "ताई, ३६ पाकळ्या बसवा. एवढ्या वर कोण मोजतंय ओ?" मी ऐकलं नाही. आपल्या किल्ल्यातली ही बस्ती १२०४ सालची, रट्टांच्या राजवटीत बिचिराजानं बांधलेली. गाभाऱ्यात काळ्या पाषाणातले नेमिनाथ, आणि मंडपाच्या छतातून खाली उतरलेल्या कमळाला ७२ पाकळ्या: भूत, वर्तमान आणि भविष्य अशा तिन्ही काळांचे चोवीस-चोवीस तीर्थंकर. छत्तीस करायच्या म्हणजे निम्मे तीर्थंकर गाळायचे. ते माझ्या हातून होणार नव्हतं.

बाबांना घेऊन बस्तीत गेले. लहानपणापासून कितीदा गेलेय, पण यावेळी मान अवघडेपर्यंत फक्त वर बघत राहिलो. बाबा एवढंच म्हणाले, "दगड हाय म्हणून वाटतच नाही बघ."

शाडूत तीन मापांच्या पाकळ्या घडवल्या, साचे काढले आणि फायबरमध्ये प्रत्येकी २४ ओतल्या. सगळ्या गुळगुळीत, सगळ्या सारख्या. जमिनीवर मांडून बघितल्या तर फूल दिसेना, नुसतं नक्षीचं चक्र दिसायला लागलं. गणपतीच्या कामात बाबा साच्यातून निघालेल्या मूर्तीचे डोळे आणि बोटं परत हातानं कोरतात, तेच इथं केलं. एकेका पाकळीच्या टोकाला पुट्टी लावून ती ओली असतानाच अंगठ्यानं वळवली. कुठली जरा जास्त मिटली, कुठली उलगडली. ह्या एका कामाला अकरा दिवस गेले. कंत्राटदाराला घाई होती, सोनेरी रंगही हवा होता. मालकांना मी बस्तीतला दगड दाखवून आणला, मग काळाच रंग ठरला.

काल संध्याकाळी हिशेबाला गेले तर वॉचमनकाका म्हणाले, "ताई, एकाहत्तरच भरतात की." रात्रपाळीत दोनदा मोजल्या होत्या त्यांनी. मी खाली उभी राहून मोजल्या. एकाहत्तर. इलेक्ट्रिशियननं लावलेल्या दिव्यामागं बाहेरच्या वेढ्यातली एक झाकली गेली होती.

आज सकाळी शिडी लावून दिवा सहा इंच सरकवून घेतला. काका खालून बोट धरून मोजत होते.