स्प्रिंगमधला जोर राहतो कुठं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय, नाहीतर बेळगावच्या उद्यमबागेत आमच्या शेडवर गाडीचे शॉकअप घेऊन येणाऱ्यांना हेच सांगून सांगून तोंड दुखायला लागलंय. प्रश्न ठरलेला, आण्णा, स्प्रिंग दाबली की तो जोर जातो कुठं आणि सोडली की येतो कुठनं?

बहुतेकांना वाटतं तार दबते. नाही हो. दबते स्प्रिंग, तार पिळते. धुणं पिळताना कसं एक टोक इकडं नि एक तिकडं, तसं, फक्त इतकं कमी की डोळ्याला दिसत नाही, आणि आत स्टीलचे थर एकमेकांवरनं सरकायला बघतात, त्यालाच शिअर म्हणायचं. थर सरकून जात नाहीत, अडून राहतात, मागं यायला टपलेले. जोर, म्हणजे साठलेली ऊर्जा, बसलाय तो तिथं.

किती बसतो? स्टीलचा शिअर मोड्युलस, म्हणजे पिळायला स्टील किती ताठ त्याचं माप, साधारण 80 गिगापास्कल, तारेच्या वरच्या कातडीला 500 मेगापास्कल शिअरचा ताण, म्हणजे स्ट्रेस, आला तर किलोभर तारेत 100 जूलच्या आसपास, म्हणजे 10 किलोचं पोतं मीटरभर उचलण्याएवढा. स्ट्रेस दुप्पट झाला की जोर चौपट, कारण हिशोबात स्ट्रेसचा वर्ग येतो. हे मला डिप्लोमात पाठ होतं, पण कळलं वाईसमधनं दाबलेली स्प्रिंग निसटून वरची ट्यूबलाईट फुटली तेव्हा. थोडक्यात डोकं वाचलं.

खरी गंमत पुढं आहे. पीळ तारेच्या मधोमध शून्य आणि कडेला सगळ्यात जास्त. वेढ्याचा बाक सोडून दिला तर 10 एमएम तारेच्या मधल्या 5 एमएमात एकूण जोराचा फक्त सोळावा हिस्सा, बाकी पंधरा हिस्से बाहेरच्या सालीत! म्हणून गंज वाईट. पावसाळा संपला की खानापूर, जांबोटीकडनं तुटलेल्या स्प्रिंगा येतात, तुटलेलं तोंड उजेडात धरलं तर कडेला तांबूस ठिपका दिसतो, मोहरीएवढा, आणि तिथनंच भेग तिरकी आत गेलेली असते. माणूस म्हणतो माल हलका होता. माल चांगला असतो ओ, साल गेलेली असते.

परवा एक पोरगं म्हणालं, मग मधलं लोखंड फुकटच की, पोकळ नळी वापरा. होय की! कारच्या अँटीरोल बारला, म्हणजे वळणावर गाडी कलू नये म्हणून लावतात त्या दांड्याला, वापरतातच. पण पोकळ नळीची स्प्रिंग वळायची तर वळताना नळी चेपते, आणि आमच्या मशीनवर ते जमत नाही.