काटेकोरांटी कुंडीत लावताना

आज मुलुंडला गच्चीवर काटेकोरांटीच्या, म्हणजे पिवळ्या फुलांच्या काटेरी कोरांटीच्या, फांद्या लावल्या. जुलैची उघडीप यासाठी उत्तम.

नर्सरीत नुसतं ‘कोरांटी’ म्हटलं तर जांभळी हातात पडते. पिवळीची खूण पक्की: पानाच्या बगलेत सुईसारखे दोन-चार काटे. फुलाच्या चार पाकळ्या वर, एक खाली आणि दोन पुंकेसर बाहेर डोकावणारे.

फांदी गेल्या वर्षीची, पेन्सिलीएवढी, १५ सेंटिमीटरची. कोवळी हिरवी घेतली की आठवड्यात सडते. खालचा काप पेराच्या लगेच खाली द्यायचा, तिथली पानं-काटे काढायचे आणि निम्मी फांदी मातीत. दोन भाग लाल माती, एक भाग जाड रेती, एक भाग शेणखत. कोकोपीट नकोच, मुंबईच्या पावसात ते ओलंच राहतं आणि बुंधा काळा पडतो. रोपं मरतात ती बहुतेक यानेच, कीड वगैरे फार नंतर. मूळ धरेपर्यंत आडोसा, मग पूर्ण ऊन. सावलीत नुसती उंच वाढते, फुलत नाही.

बी हवं असेल तर सुकत आलेल्या बोंडांवर मलमलची पुरचुंडी बांधा, कारण बोंड तडकून बी लांब उडतं. प्रत्येकात दोनच चपट्या बिया. पेरण्याआधी भिजवू नका, अंगावरची लव बुळबुळीत होऊन बिया एकमेकींना चिकटतात.

पानं कुरतडलेली दिसली तर फवारणी कृपया करू नका. लेमन पॅन्सी फुलपाखराच्या अळ्या यावरही वाढतात. आणि राष्ट्रीय उद्यानातून रोप उपटून आणू नका, ओळखीच्यांकडून एक फांदी मागा.